वन्संचं नाक

तिला सगळे चिमणीच म्हणत. हे नाव उस्तादांनी ठेवलेलं. उस्ताद म्हणजे एक म्हातारे मिठाई कारागीर. त्यांच्याकडे ती लग्नाआधी बरण्या पुसायच्या आणि त्यांच्यावर लेबलं चिकटवायच्या कामाला लागली होती. अंगाने एवढीशी, पण पाय कधी जमिनीला टेकलेला नाही, म्हणून चिमणी. पुढे ती स्वतः भट्टीपाशी उभी राहायला लागली तेव्हा नवऱ्याने त्यात भर घातली. म्हणाला, "उस्तादांच्या मनात दोन्ही अर्थ असणार. पाखरूही हीच आणि धुराडंही हीच."

उस्ताद तरुणपणी फ्रान्सला राहून प्रालीन करायला शिकून आले होते. सांगायला सोपं आहे. बदाम आणि हेझलनट भाजायचे, साखरेत घोळवून ती साखर तांबूस होऊ द्यायची, थंड झाल्यावर ती ढेप फोडायची आणि दगडी यंत्रात घालून इतकं वाटायचं की दाण्यांचं तेल सुटून सगळं मधासारखं ओघळायला लागावं. पावाला लावा, चॉकलेटच्या वड्यांत भरा, नाहीतर चमच्याने तसंच खा. करायला मात्र नाकी नऊ येतात. साखर दाण्यांवर आधी पांढरी पडते, वाळूसारखी चिकटते. नवखा माणूस इथेच हात टेकतो. न घाबरता ढवळत राहिलं की तीच वाळू पुन्हा वितळते आणि मग रंग धरते. आणि कढई उतरवायची वेळ येते ती अगदी चिमटीएवढी. आधी उतरवलं तर नुसतं गोड, नंतर उतरवलं तर जळकं.

"कढईकडे टक लावून बसू नकोस," उस्ताद तिला सांगायचे. "डोळे उशिरा सांगतात. रंग दिसेपर्यंत साखर पुढे गेलेली असते. नाक उघडं ठेव."

उस्तादांचे हात थरथरायला लागले तसं त्यांनी काम आटोपतं घेतलं आणि तांब्याची कढई व दगडी यंत्र चिमणीच्या हवाली केलं. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान दोन घरं सोडून होतं. त्याने यंत्राची जळकी मोटार नव्याने भरून दिली. घराच्या तळमजल्यावर पुढे काचेचं लहानसं दुकान आणि मागे कामाची खोली, असा तिचा धंदा सुरू झाला. सकाळी भाजणं लागलं की गल्लीत असा खमंग वास सुटायचा की कामाला निघालेली माणसं बुटाची नाडी सुटली नसतानाही ती बांधायला तिच्या दारात वाकायची.

या घरात वन्सं राहायला आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ज्या इमारतीत राहत ती पाडायला काढली तेव्हा भावाने त्यांना वरची खोली रिकामी करून दिली. पाठीला कधी पोक नाही, आवाजाला कधी चढ नाही, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. पडद्यांना कोंदट वास येतो, साबणाला अत्तराचा फार, पावाला कालचा. चिमणी मूग गिळून ऐकून घ्यायची आणि नवऱ्याजवळ एकदाच काय ते बोलली होती, की देवाने तुमच्या बहिणीला नाक दिलंय ते फक्त मुरडायला. नवरा हसला होता. बहीण आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, असा त्याने लग्नातच कानाला खडा लावला होता.

थंडीच्या दिवसांत गल्लीत तापाची साथ आली. चिमणीही आडवी झाली. ताप उतरला तशी ती उठून लगेच कामाला लागली, कारण कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याच्या मोठ्या बरण्या द्यायच्या होत्या. हेझलनटचं एक पोतं भिंतीकडेला बरेच दिवस उभं होतं, तेच तिने फोडलं. अंगात अजून कणकण होती. भाजणं झालं, साखर झाली, वाटणं झालं. सगळं हाताच्या सवयीने.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला वन्संनी पावाला प्रालीन लावलं, एक घास घेतला आणि बशी हलकेच पुढे सरकवली.

"हे खवट आहे."

"कालच केलंय, वन्सं."

"केलं काल असेल. आहे खवट."

चिमणीने नवऱ्याकडे बघितलं. त्याने बोटाने चाटून बघितलं आणि आपल्याला तर गोडच लागतंय असं सांगितलं. त्याच्या जिभेचा काय भरवसा, तो थंड झालेली कॉफीही गरम समजून पिणारा. चिमणीने स्वतः चमचाभर तोंडात टाकलं. गोड होतं. तिला वाटलं, वन्संचं हे नेहमीचंच. तिने बरण्या पोहोचवल्या.

संध्याकाळच्या आत कॉफीवाला सगळ्या बरण्या खोक्यात घालून परत घेऊन आला. भला माणूस होता. गिऱ्हाइकांसमोर काही बोलला नाही, दुकान रिकामं व्हायची वाट बघितली आणि मग हळूच विचारलं की तुमची तब्येत बरी आहे ना. असं तुमच्या हातून कधी झालं नाही, म्हणाला.

तो गेल्यावर चिमणीने दार लावून घेतलं. तिने बरणी नाकाशी धरली. काही नाही. कॉफीचा डबा उघडला, काही नाही. व्हिनेगरची बाटली, चिरलेला कांदा, नवऱ्याचा मोटारीच्या वॉर्निशने माखलेला शर्ट. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, पण वास म्हणून काही आला नाही. जिभेला गोड कळत होतं, खारट कळत होतं, कडू कळत होतं. पण बदाम कुठला आणि हेझलनट कुठला, हे डोळे मिटून खाल्लं तर तिला सांगता येईना. तापात नाक चोंदलं होतं ते सुटलं, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. वास परत आलाच नाही, हे कामाच्या घाईत कळलं नव्हतं. कांद्याच्या फोडी हातात घेऊन ती यंत्राशेजारच्या स्टुलावर कितीतरी वेळ बसून राहिली.

काही दिवस तिने घरात ताकास तूर लागू दिली नाही. मग न राहवून नवऱ्याला सांगितलं आणि दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, मज्जातंतूंना धक्का बसलाय म्हणाले. परत येईल, पण केव्हा आणि किती, ते सांगता येत नाही. रोज लिंबू, लवंग आणि निलगिरीचं तेल हुंगत जा, नाकाला आठवण करून देत राहा. चिमणी घरी आली आणि तिने दुकानाच्या काचेवर "काही दिवस बंद" अशी पाटी लावली.

नवऱ्याने आपल्या परीने धीर दिला. चिमणीला मात्र घरात काय करावं ते सुचेना. तिने कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. जेवणात मीठ जास्त पडायला लागलं. वन्सं ते जेवत. एकदाही काही बोलल्या नाहीत, आणि हेच चिमणीला जास्त लागलं. आपली इतकी दैना झाली की आता वन्संनाही आपली कीव यावी.

एके सकाळी ती लिंबाचं साल नाकाशी धरून बसली होती, तेव्हा वन्सं खाली आल्या. वरच्या जिन्यावरून सरळ मागच्या कामाच्या खोलीत गेल्या. तिथे त्यांनी पूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. चिमणी मागोमाग गेली, तर बाई भट्टीसमोर स्टूल ओढून ताठ बसलेल्या.

"लाव भट्टी," त्या म्हणाल्या.

चिमणीला काही उलगडेना.

"तू काम कर. वास मी घेते. कसला येतोय ते तू विचार, मी सांगते. जन्मभर दुसरं काय केलंय मी? इकडचं तिकडे पोहोचवलं."

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. चिमणीने दाणे भाजायला घातले आणि विचारलं, कसा वास येतोय? वन्सं म्हणाल्या, चांगला. चांगला म्हणजे कसा? चांगला म्हणजे चांगला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तर अजूनही चांगलाच होता. ट्रे बाहेर काढला तेव्हा दाणे आतून काळपट झालेले. दुसऱ्या खेपेला भीतीने लवकर काढले, ते कच्चे राहिले. चिमणीच्या ध्यानात आलं की वन्संना वाईटाला नावं ठेवायला शंभर शब्द येतात, पण चांगल्यासाठी एकच शब्द आहे, आणि तोही त्या जपून वापरतात.

"वन्सं, चांगला-वाईट नका सांगू," ती अखेर म्हणाली. "कशासारखा येतोय, ते सांगा."

वन्संनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पेन्सिलीला नवीन टोक काढल्यावर येतो, तसा."

ही पहिली खूण. हळूहळू दोघींची एक भाषा तयार झाली. पेन्सिलीचं टोक म्हणजे दाणे नुसते तापलेत. उन्हात तापलेला लाकडी बाक म्हणजे अर्धं झालं. सुती कपड्यावर इस्त्री जरा रेंगाळली की येतो तसा वास आला, की ट्रे बाहेर. मग चिमणी दाणे जाड फडक्यात घालून चोळायची, सालं उडायची आणि वन्सं शिंकायच्या. खवट दाणा तर त्या पोत्याचं तोंड उघडताच ओळखायच्या. एकदा व्यापाऱ्याचा माणूस पोतं घेऊन दारात उभा होता, त्याला आत पाऊलही टाकू न देता त्यांनी परत पाठवलं.

अशा खुणा शोधताना वन्संना काय काय आठवायला लागलं. ज्या बाईच्या तोंडून चार वाक्यं काढायला दिवस जायचा, ती भट्टीसमोर बसून सांगायची: एक्स्चेंजमध्ये बोर्ड तापला की धुळीचा कसा वास यायचा. थंडीत सगळ्या जणी हीटरवर ओले हातमोजे कशा वाळत टाकायच्या. एक मैत्रीण ड्यूटीवर चोरून संत्रं खायची आणि सुपरवायझर वासावरून तिला कसा पकडायचा. चिमणी ढवळता ढवळता ऐकत राहायची. आपल्या नवऱ्याची बहीण कोणे एके काळी हसरी मुलगी होती, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

दुकानावरची पाटी उतरली. पहिल्या खेपा बेताच्या झाल्या, पण खराब नव्हत्या. कॉफीवाल्याने पुन्हा बरण्या घ्यायला सुरुवात केली.

मग ती सकाळ आली. कढईत साखर वाळू होऊन पुन्हा वितळली होती, दाणे चमकायला लागले होते. चिमणीने नेहमीप्रमाणे विचारलं, आता कसा?

"गरम दूध," वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळाने, "दुधाची साय करपते तसा."

चिमणी पुढच्या खुणेसाठी थांबली. वन्संचे डोळे मिटलेले होते.

"आमच्या यांच्या कोटाचा," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "थंडीतून घरी आले की कोटाला यायचा. तंबाखूचा आणि... कसला ते मला कधी कळलंच नाही."

चिमणीला कळत होतं की साखर पुढे चालली आहे. कढईतून निळसर धूर उठायला लागला होता. पण तोंडातून शब्द काढायचं तिच्या जिवावर आलं. वन्संनी डोळे उघडले, कढईकडे बघितलं आणि घाईने म्हणाल्या, उतरव, उतरव. चिमणीने कढई उचलून सगळं टेबलावरच्या संगमरवरी लादीवर ओतलं. रंग नेहमीच्या मधाळ तांबूसपेक्षा कितीतरी गडद झाला होता, जवळजवळ लाकडासारखा.

ती ढेप टाकून द्यायची म्हणून चिमणीने उलथणं हातात घेतलं, तेव्हा वन्संनी तिचा हात धरला. एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

"टाकू नकोस. वाट."

"कडू झालं असेल, वन्सं."

"कडू आहेच. पण जळलेलं नाही. वाट तू."

चिमणीने जीभ लावून पाहिली. तिला फक्त कडू आणि गोड कळलं, त्या दोघांच्या मध्ये जे काही होतं ते कळलं नाही. ज्याची चव आपल्याला घेता येत नाही ते दुसऱ्याला खाऊ घालायचं, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तरी तिने वाटलं. कॉफीवाल्याने चाखून मान हलवली आणि मला माझं नेहमीचंच द्या म्हणाला. पण पलीकडच्या शाळेतल्या संगीतशिक्षिकेने चमचाभर चाखून डोळे मिटले आणि असलेल्या सगळ्या बरण्या नेल्या. आठवड्याभरात त्यांच्याबरोबरच्या दोघीतिघी तेच मागायला आल्या. मग आठवड्यातून एकदा गडद खेप निघायला लागली. ती कधी उतरवायची ते वन्सं ठरवायच्या. "आता" एवढाच शब्द. कोटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, चिमणीनेही विचारलं नाही.

हिवाळा सरला आणि चिमणीला वास परत यायला लागला. पण आला तो वाकड्या वाटेने. कॉफीचा वास जळक्या रबरासारखा यायला लागला, साबणाचा गंजक्या पत्र्यासारखा, आणि साखर तांबूस व्हायला लागली की तुंबलेल्या मोरीसारखा भपकारा. तिला खोलीत उभं राहवेना. ज्या वासावर तिने आयुष्य काढलं, त्याच वासाने तिला उमळून यायला लागलं. डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, तार जुळते आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी. वन्सं म्हणाल्या, राँग नंबर लागतोय, लागू दे, निदान लाइन तरी चालू आहे.

त्या दिवसांत कढईही वन्संनीच हातात घेतली. चिमणी नाकाला फडकं बांधून दारात उभी राहून सांगायची, मनगट सैल ठेवा, कडेची साखर आत ओढा. या वयात त्या नवं काम शिकल्या. एकदा साखरेचा थेंब उडून मनगटावर चांगलाच फोड आला. चिमणी मलम लावत असताना नवरा आला आणि हे काम बंद करा म्हणून रागावला. दोन्ही बायकांनी एकदमच त्याला जायला सांगितलं. त्या दिवसापासून तो म्हणायला लागला की माझं घरातलं मत गेलं.

आणि मग, बाहेर उन्हं तापायला लागली तेव्हा, एका सकाळी चिमणी पुढच्या दुकानात काच पुसत होती. मागच्या खोलीतून काहीतरी आलं. तिने हात थांबवला. रबर नाही, मोरी नाही. भाजलेला हेझलनट, साधा आणि स्वच्छ. ती फडकं हातात घेऊनच आत धावली.

"इस्त्री," ती म्हणाली. "वन्सं, इस्त्री आली. काढा ट्रे."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. ट्रे काढला. खरोखरच झालं होतं. चिमणी रडत होती आणि हसतही होती, आणि वन्संनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. न्याहारीला यायच्या, बशी धुऊन ठेवायच्या आणि वर जायच्या. चिमणीला आधी वाटलं, दमल्या असतील, विश्रांती घेऊ दे. मग तिने एकटीने खेप काढली. खेप उत्तम झाली. इतकी उत्तम की उस्तादांनी पाठ थोपटली असती. आणि ती झाल्यावर खोलीत इतकं सुनं सुनं वाटलं की तिने यंत्र तसंच चालू ठेवलं आणि जिना चढून वर गेली.

वन्सं पलंगावर कपडे घडी करून ठेवत होत्या. शेजारी बॅग उघडी होती. त्यांची एक मावसबहीण दुसऱ्या गावी एकटी राहत होती, तिने कधीचं बोलावलं होतं, जाऊन येते म्हणाल्या. बऱ्याच दिवसांसाठी का, असं चिमणीने विचारलं, तर त्या म्हणाल्या, बघू.

"तुझं नाक आलं," वन्सं म्हणाल्या. कडवटपणा नव्हता त्यात, खरं ते सांगितल्यासारखं. "आता माझं खाली काय काम? उगाच लुडबुड नको."

चिमणी पलंगाच्या कडेला बसली. काय बोलायचं ते तिने जिना चढताना ठरवलं नव्हतं.

"वन्सं, वास आता मला येतो, खरं आहे. पण तो आला हे मी सांगू कुणाला? यांना? यांना बदाम आणि साबण सारखेच." तिने उघड्या बॅगेकडे पाहिलं. "सकाळी दाणे टाकले आणि पेन्सिलीचा वास आला. मी मोठ्याने म्हटलं, पेन्सिल. खोलीत कुणी नव्हतं. मला वेड्यासारखं झालं हो."

वन्सं घडी घातलेला ब्लाउज पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत राहिल्या.

"इतके दिवस तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं," चिमणी म्हणाली. "आता मी सांगते. पटलं नाही तर तुम्ही नाही म्हणा."

"नाही म्हणायला मला आवडतं," वन्सं म्हणाल्या.

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

वन्सं हसल्या. आवाज न करता, पण दात दिसतील इतक्या. बॅग त्यांनी लगेच बंद केली नाही, आणि मावसबहिणीकडे त्या पुढे खरंच जाऊनही आल्या, पण तो प्रवास आठवड्याभराचा झाला. त्या सकाळी मात्र त्या चिमणीबरोबर खाली उतरल्या, कारण यंत्र नुसतं फिरत होतं आणि त्याचा आवाज त्यांना सहन होत नव्हता.

खाली आल्यावर चिमणीने फडताळातून गडद प्रालीनची बरणी काढली. तिच्याच दुकानात बनलेली, तिच्याच कढईतली, आणि तिने आजवर खऱ्या अर्थाने कधीच न चाखलेली. झाकण उघडून तिने नाक जवळ नेलं आणि मग चमचा तोंडात घातला. आधी कडू आलं, मग गोड, आणि त्यांच्या मागून दाण्याचा वास लांबवर रेंगाळत राहिला. तिच्या फिक्या प्रालीनमध्ये तो इतका वेळ कधी थांबत नसे.

वन्सं तिच्या तोंडाकडे बघत होत्या. एक्स्चेंजमध्ये पलीकडून कुणी उचलतंय का याची वाट बघतात तशा.

"छान आहे," चिमणी म्हणाली. "पण एक चिमूटभर आधी उतरवायला हवं होतं."

"मुळीच नाही," वन्सं म्हणाल्या आणि खुंटीवरचा ॲप्रन घेतला.

चिमणीचं नाक पूर्वीसारखं पूर्ण झालं नाही. कांदा तिला अजून कळत नाही, आणि गुलाबाला काही केल्या ओल्या पुठ्ठ्याचाच वास येतो. दुकानात आता दोन रंगांच्या बरण्या असतात. फिकी कढई चिमणी उतरवते, गडद कढई वन्सं उतरवतात, आणि दोघींनी एकमेकींच्या कढईला नावं ठेवल्याशिवाय दगडी यंत्र काही सुरू होत नाही.